बदामाची झोप

त्या घरात हिवाळ्यात कुकरची शिट्टी वाजू द्यायची नाही, ही अट मला सामान लावून झाल्यावर कळली. आधी कळली असती तरी मी खोली घेतलीच असती म्हणा. गारखेड्यात तेवढ्या भाड्यात स्वतंत्र जिन्याची, दोन खिडक्यांची खोली दुसरीकडं मिळत नव्हती. पण निदान मनाची तयारी केली असती. पहिल्याच आठवड्यात मी डाळ शिजायला लावली, कुकरनं एक खणखणीत शिट्टी दिली आणि खालून घरमालक अनवाणी जिना चढून वर आले. मला वाटलं गॅस गळतोय. दाराची चौकट धरून धापा टाकत, पण दवाखान्यात बोलावं इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "काय हे मास्तर? आत्ता कुठं डोळा लागला होता."

"सॉरी काका. काकू झोपल्या होत्या का?"

"काकू कशाला झोपतील या टायमाला? झाडं."

त्यांनी मागच्या खिडकीकडं बोट केलं. घराच्या मागं त्यांची अर्धा एकर जमीन उरली होती आणि तिच्यात ओळीनं लावलेली पंधरा-वीस झाडं होती. नुसत्या काटक्या. एकाही झाडावर धड पानं नव्हती. मला ती मेलेली वाटली, पण सुदैवानं मी तसं बोललो नाही. डाळ त्या दिवशी अर्धीकच्चीच खाल्ली.

मी क्रांती चौकाजवळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवतो. ज्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं नाही, त्याच्या वाटेला मी सहसा जात नाही. अशा माणसाला नेमकं त्याच घरात कुणी आणून सोडलं, याचा उलगडा मला तिथं राहिलो तितकी वर्षं झाला नाही आणि अजूनही होत नाही.

काका शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी मोसंबीच्या बागांमधून फिरण्यात गेली. उंच, वाळलेला माणूस. हिवाळाभर अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि डोक्याला कानटोपी, मग दुपारी ऊन कितीही तापो. गळ्यात बुटाच्या लेसला बांधलेलं एक भिंग. झाडापुढं उभे राहिले की ते भिंग डोळ्याला लावून फांदीवरचे डोळे बघत बसायचे. जिथून पालवी किंवा फूल फुटतं त्या बारीक कोंबाला बागवाले डोळा म्हणतात, हे मला तिथंच कळलं. तोवर मी काकांच्या तोंडून 'डोळे सुजलेत', 'डोळे मिटलेत' असं ऐकून काकूंच्या तब्येतीची चौकशी करत होतो.

नोकरीत असताना खात्यानं त्यांना एकदा अभ्यासदौऱ्यावर पहाडात पाठवलं होतं. तिथं त्यांनी बर्फात उभ्या असलेल्या बदामाच्या बागा पाहिल्या आणि माणूस कामातून गेला. हे काकूंचे शब्द. मागची झाडं त्या दौऱ्यानंतर लावलेली बदामाचीच. काकांचे शब्द वेगळे होते आणि ते मी इतक्या वेळा ऐकलेत की आता झोपेतही म्हणून दाखवीन.

"लई अक्कल आहे त्या लोकांना, मास्तर. आपण काय करतो? कीड दिसली की मार दवा. पुन्हा दिसली की पुन्हा मार. ते वाट बघतात. थंडीत झाड झोपतं. पान नाय, फूल नाय, काय नाय. कीड बी तिथंच सालीला चिकटून पडलेली, अंडी घालून बसलेली. मग एकच फवारा. तेलाचा. बुडापासून शेंड्यापर्यंत. किडीचा श्वास कोंडतो आन् झाडाला पत्ता बी लागत नाय. उठतं ते साफ होऊनच उठतं."

"आणि झाड जागं असलं तर?"

"तर डोळे जळतात," असं म्हणून ते तिथून उठून जायचे. कारण एकदा तसं झालं होतं. मी राहायला येण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एक झाड झोपलंय असं समजून त्याच्यावर तेल मारलं. ते झोपलेलं नव्हतं. आठवडाभरात त्याचे सगळे डोळे काळे पडले आणि उन्हाळ्यात ते झाड वाळलं. काकूंनी सांगितलं की काका दोन दिवस जेवले नव्हते. त्या झाडाची जागा त्यांनी तशीच मोकळी ठेवली होती आणि बागेत चक्कर मारताना ते त्या रिकाम्या जागेला वळसा घालून जायचे.

आता सगळा घोळ असा होता की आपल्या गावात बदामाला झोप येत नाही. पहाडात थंडी पडते, झाड आपोआप झोपतं. इथं चार दिवस गारठा पडतो, पाचव्या दिवशी माणसं पंखा लावतात. मग काकांनी काय करावं? जन्मभर मोसंबीत काढलेला माणूस. आपल्याकडं मोसंबीला बहर धरायचा म्हणून पाणी तोडतात, झाडाला तहानेनं सुकू देतात, त्याला ताण देणं म्हणतात. तोच ताण काकांनी बदामाला लावला. दिवाळी झाली की पाणी बंद. पाणी बंद करूनही पानं गळेनात, तेव्हा शिडी लावून एकेक पान हातानं खुडायला सुरुवात. मार्गशीर्षात सगळी गल्ली हा सोहळा गच्चीवरून बघायची. पानं गेली की मग शांतता. बागेत चपला घालायच्या नाहीत, मोठ्यानं बोलायचं नाही, मोबाइल वाजवायचा नाही. बिचाऱ्या झाडांनी तरी काय समजावं? तहान लागलीय, पानं गेलीत, ऊन डोक्यावर आहे आणि एक माणूस गपगुमान झोपायला सांगतोय. ती पार गोंधळलेली असायची. एकाच झाडाची एक फांदी गाढ झोपलेली, दुसरीला दोन पांढरी फुलं आलेली आणि तिसरीनं मागल्या वर्षीची पानं लपवून ठेवलेली.

मी एकदा म्हणालो, "काका, पहाडातलं झाड आहे, पहाडाच्या रीतीनं वागणार. आणि इथं आल्यावर इथल्या रीतीनं. तुम्ही दोन्ही कसं मागता?"

"तुम्ही गणितवाले लोक," काका म्हणाले, "तुम्हाला एकच उत्तर लागतं." माझ्या प्रश्नाला ते उत्तर होतं का, हे मला कळलं नाही.

फवारणीला छावणीतून एक चाचा यायचे. पाठीवर पंप, डोक्याला रुमाल. दर हिवाळ्यात ते येऊन उभे राहायचे आणि संभाषण ठरल्यासारखं व्हायचं.

"साब, आज मारू क्या?"

"थांबो चाचा, अभी दो झाड जागे हैं."

"मेरेकू तो सब एकसरीखेच दिखते साब."

"भिंगातून बघो."

चाचा भिंगातून बघायचे, 'हौ साब' म्हणायचे, चहा प्यायचे आणि पंप घेऊन परत जायचे. मग कधीतरी दोन-तीन झाडं झोपल्याची काकांची खात्री पटायची. तेवढ्यांवर फवारा बसायचा आणि बाकीची जागी म्हणून राहून जायची. राहिलेल्या झाडांवरची कीड उन्हाळ्यात फवारलेल्यांवर चढायची. म्हणजे वर्षाच्या शेवटी सगळी पुन्हा होती तिथंच. मी कागदावर मांडून दाखवलं असतं की या रीतीनं कीड कधीच जाणार नाही. पण काका ते भिंगातून बघत बसले असते.

एका वर्षी त्यांनी बर्फ आणला. खरोखर बर्फाच्या कारखान्यातून टेम्पोभर लाद्या आणून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी गोणपाटाखाली लावल्या. शेजारी बायपासच्या अंगाला एक मंगल कार्यालय आहे. तिथं त्या दिवशी लग्न होतं. दुपारी नवरीकडचे दोघं जण कुंपणाशी आले आणि अदबीनं म्हणाले, "मामा, मठ्ठ्याला बर्फ कमी पडलाय, एक लादी मिळंल का?" काकांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हातानं 'न्या' अशी खूण केली. त्यांना बोलणं होऊ द्यायचं नव्हतं, त्यापेक्षा बर्फ गेलेला परवडला. एकाला मिळाला म्हटल्यावर आइस्क्रीमवाला आला. मग चार पोरं आली. संध्याकाळपर्यंत झाडांपाशी ओली गोणपाटं उरली, आणि काकूंच्या घरी लग्नातली जिलबी आली.

काकांचा एक आवडता सिद्धांत होता: आधी झोप, मग दवा. तो ते माणसांनाही लावायचे. जाग्या माणसाला अवघड गोष्ट सांगायची नाही, जळते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं काकूंशी त्यांचं महत्त्वाचं सगळं बोलणं काकू दुपारी आडव्या झाल्यावर व्हायचं. काकू भिंतीकडं तोंड करून पडलेल्या असायच्या आणि काका खुर्चीत बसून हळूहळू बोलायचे. मी एकदा ताक मागायला खाली गेलो तेव्हा दारातच थबकलो. काका म्हणत होते, "मला नाय करमणार पुण्यात. तुला करमंल, मला ठाऊक आहे. तुझे गुडघे दुखतात, तिथं लिफ्ट आहे, नातवंडं आहेत. पण मी तिथं काय करू?" मी तसाच मागं फिरलो. नंतर काकूंनी ताक वर आणून दिलं आणि म्हणाल्या, "मी कुठं झोपते, भाऊ? डोळे मिटून ऐकते. जागी आहे कळलं तर एक अक्षर बोलायचे नाहीत."

खरा पेच तोच होता. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं मोठं घर घेतलं होतं, त्यात आई-वडिलांची खोली होती आणि ती रिकामी होती. काकूंना जायचं होतं. त्या कधी भांडल्या नाहीत, पण मुलाचा फोन आला की फोन ठेवल्यानंतरही थोडा वेळ हातात धरून बसायच्या. काका दर वर्षी म्हणायचे, एकदा झाडं नीट झोपू दे, फवारा नीट बसू दे, एक बदाम माझ्या झाडाचा हातात येऊ दे, मग पुण्याचं बघू. बदाम एकाही वर्षी आला नाही. फुलं यायची, गळायची. शेवटी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मुलगा स्वतः आला आणि ओट्यावर बसून वडिलांशी बोलला. मी जिन्यात होतो.

"बाबा, आणखी किती वर्षं?"

"हा एक हिवाळा," काका म्हणाले. "या वर्षी बदाम नाय लागला तर मीच जागा विकतो आन् येतो. लागला तर मात्र हट्ट धरू नको. मग आम्ही इथंच."

काकू आत भांडी लावत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

त्या हिवाळ्यात सगळंच विचित्र झालं. एक तर थंडी खरोखर पडली. सकाळी नळाला हात लावावासा वाटेना, आणि काका पहाटेपासून बागेत आनंदानं कुडकुडत उभे. निम्म्याहून जास्त फांद्या खरंच झोपल्या. पण त्याच वेळी खवले कीड अशी वाढली की फांद्यांना तपकिरी फोड आल्यासारखे दिसायला लागले. ते फोड म्हणजेच कीड. पाठीवर ढाल घेऊन सालीला चिकटून रस पिते. काका म्हणाले, या वर्षी फवारा बसला नाही तर फळ सोडाच, झाडंच राहणार नाहीत. आणि प्रत्येक झाडावर दोन-चार फांद्या जाग्या होत्या. त्यांचे डोळे फुगले होते. त्यांच्यावर तेल पडलं तर फुलं जळणार, आणि बदाम लागला तर त्याच फुलांना लागणार.

यावर काकांनी तोड काढली. एका जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या. भिंग घेऊन फांदीन् फांदी तपासली आणि जी जागी तिला पट्टी बांधली. पट्टी असेल ती फांदी चाचांनी सोडायची, बाकीची भिजवायची. मला पहिल्यांदाच त्यांच्या कामात काही तर्क दिसला आणि मी तसं बोलूनही दाखवलं. तपासणीला आठवडा लागला, कारण काकांना मोतीबिंदू होता आणि डोळ्यासमोर ढग आला की ते बसून राहायचे. शेवटची पट्टी बांधून झाली आणि चाचांना निरोप गेला.

नेमक्या त्याच दिवसांत मंगल कार्यालयात एकामागून एक लग्नं होती. जेवणं झाल्यावर बायका सावली शोधत मागच्या बाजूला यायच्या. त्यांनी काय पाहिलं असेल याचा आता विचार करा. ओळीनं बिनपानांची झाडं, झाडांना पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या, आणि एक कानटोपीवाला म्हातारा अनवाणी एका झाडापासून दुसऱ्या झाडाकडं जातोय, प्रत्येकापुढं मान खाली घालून काहीतरी पुटपुटतोय. त्यांच्यातल्या एकीनं कुंपणावरून विचारलं, "बाबा, काय आहे इथं?" काकांनी तोंडावर बोट ठेवलं. ती आत यायला लागली तेव्हा त्यांनी तिच्या चपलांकडं बोट दाखवलं. झालं. यानंतर कुणी कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

आमच्याकडं दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधणारी आणि देवीच्या झाडाला चोळखण बांधणारी माणसं एकच असतात. मागणं मोठं असलं की दोन्हीकडं बांधतात. दोन-तीन दिवसांत काकांच्या बागेत लाल दोरे आले, हिरवे दोरे आले, बांगड्या आल्या, फेट्याचा तुकडा आला, एका फांदीला कुणीतरी बुटाची लेस बांधली होती. आणि पांढरे हातरुमाल तर किती! काका त्या दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरकडं खेपा घालत होते आणि काकूंनी कुणाला हटकलं नाही. त्यांनी का हटकलं नाही, हे मला तेव्हा समजलं नाही.

ज्या सकाळी चाचा पंप घेऊन आले त्या सकाळी मला क्लास नव्हता. मी खिडकीत चहा पीत होतो. चाचा बागेत गेले, थांबले, आणि पंप पाठीवरून न उतरवताच त्यांनी चपला काढल्या. मग काकांना म्हणाले, "साब, सब फांदी को बांधेला है. मैं किसको मारू?"

काका एका झाडापाशी गेले. मग दुसऱ्या. मी खाली उतरलो. एकही फांदी मोकळी नव्हती. त्यांच्या चादरीच्या पट्ट्या कुठल्या आणि लोकांचे रुमाल कुठले, हे त्या धुरकट डोळ्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. भिंगानं पुन्हा तपासायचं तर पुन्हा आठवडा जाणार, आणि फांद्यांचे डोळे असे फुगले होते की आठवड्यानं सगळी बागच जागी झाली असती.

"सगळं सोडून टाका, काका," मी म्हणालो. "आपण तिघं मिळून सोडू. मग दिसेल तेवढं बघून मारा."

"व्हय, सोडायलाच पाहिजे." ते चिडले होते. "खामखा आहे हे सगळं. झाडाला चिंधी बांधून काय व्हतंय? अडाणीपणा आहे नुसता." आणि ते सोडायला लागले. एक लाल दोरा सोडला. तो हातात घेऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "कुणाचं काय असंल हो, मास्तर? पोराची नोकरी असंल. कुणी आजारी असंल." मी म्हणालो, तुमचा विश्वास नाही ना? ते म्हणाले, "नाय. बिलकुल नाय." आणि तो दोरा त्यांनी परत बांधला. मी कपाळावर हात मारला. चाचा झाडाच्या बुडाशी बसून तंबाखू मळायला लागले.

पण कीड समोर दिसत होती आणि वेळ नव्हता. काकांनी मन घट्ट केलं आणि कडेच्या झाडापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते बघत नव्हते, नुसतं सोडत होते आणि सोडलेलं सगळं खांद्यावरच्या टॉवेलात ठेवत होते. मी दुसऱ्या बाजूनं सोडत होतो. तिसऱ्या का चौथ्या झाडापाशी त्यांचा हात थांबला. खालच्या एका फांदीला, जिथं बुटक्या माणसाचा हात सहज पोचेल तिथं, जांभळ्या सुती साडीच्या काठाची पट्टी बांधलेली होती. तो काठ मीही ओळखला. त्या साडीचं उरलेलं कापड आमच्या जिन्याखाली पायपुसणं म्हणून पडलेलं होतं.

काकांनी ती पट्टी सोडली नाही. ते तसेच घराकडं चालू लागले. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"तू बांधलीस?"

काकूंनी होय म्हणून मान हलवली.

"काय मागितलंस?"

"सांगायचं नसतं ते."

"मला बी?"

"कुणालाच नसतं सांगायचं."

काका ओट्याच्या पायरीवर बसले. मग माझ्याकडं बघून, पण मला नव्हे, म्हणाले, "चाळीस वर्षांत हिनं माझ्याकडं काय मागितलं नाय. मागायचं तर झाडाकडं जाऊन मागितलं." काकू मेथी निवडत होत्या, आणि त्यांचे हात पानांऐवजी काड्याच टोपलीत टाकत होते. काका उठले. बागेत गेले. टॉवेलात गोळा केलेले दोरे आणि रुमाल त्यांनी एकेक करून दिसेल त्या फांदीला परत बांधले. चाचांना म्हणाले, "पंप धुवो और घर जावो. नहीं मारना."

"आज नहीं, साब?"

"कभीच नहीं."

त्यांनी अंगणातच मुलाला फोन लावला आणि पहिल्यांदाच त्या अंगणात माणूस मोठ्यानं बोलला. म्हणाले, "तुझी आई म्हणती तर येतो आम्ही. हिला पुण्याला यायचं आहे. तिनं मागितलंय." काकू आतून ऐकत होत्या. त्या दारापर्यंत आल्या, तोंड उघडलं, आणि परत आत गेल्या. मी ते पाहिलं. माझा असा समज झाला की आनंदानं त्यांना बोलता येत नसेल.

होळीच्या आत ते गेले. जागा विकली गेली, झाडं तोडली. कीड एवढी होती की लाकूड कुणी फुकटही नेलं नाही. तिथं आता मंगल कार्यालयाचं पार्किंग आहे. झाडं गेल्यानंतरही, मी अजून वरच्या खोलीत होतो तेव्हा, एक बाई नारळ घेऊन आली होती, नवस पावला म्हणून. गाड्यांकडं बघत गोंधळून उभी राहिली आणि शेवटी नारळ माझ्याच हातात देऊन गेली. मी तो काय करावा हे न कळून दोन महिने कपाटात ठेवला.

काका पुण्यात दोन-तीन वर्षं राहिले आणि मागल्या वर्षी गेले. मला कळलं तेव्हा दहावा-तेरावा होऊन गेला होता. मी भेटायला गेलो. उंच इमारत, चकचकीत लिफ्ट. काकू गॅलरीत बसल्या होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग, समाधान वाटावं म्हणून म्हणालो, "एक बरं झालं काकू. तुमचं मागणं काकांनी ऐकलं. फवारा न मारता आले ते."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. सून स्वयंपाकघरात आहे ना, ते वळून बघितलं.

"मी बदाम मागितला होता, भाऊ."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पण तुम्हाला तर इकडं यायचं होतं ना?"

"व्हय, लई यायचं होतं. तेच मागायला गेले होते मी. पट्टी बांधली, हात जोडले, आन् तोंडातून निघालं, यांच्या हाताला एक तरी बदाम येऊ दे. माझं मलाच कळंना. बदाम लागला असता तर मी इथं कुठं आले असते? पण निघून गेलं."

"मग तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलं? चाचा उभे होते. फवारा मारला असता त्यांनी."

"दारापर्यंत आले होते की. हे फोनवर पोराला सांगत होते, तिनं मागितलंय, तिनं मागितलंय. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "इथं आल्यावर तर विचारू नका. वॉचमनला सांगायचे, दूधवाल्याला सांगायचे, हिचं मागणं मी पुरं केलं म्हणून. जन्मभर हाताला एक पीक लागलं नाय त्यांच्या, भाऊ. एवढं एक साधलं असं वाटत होतं. ते मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ?"